रुडॉल्फ डिझेल
रुडॉल्फ डिझेल (१८ मार्च १८५८, पॅरिस – २९ सप्टेंबर १९१३) हे डिझेल इंजिनाचे जनक असलेले जर्मन अभियंते होते. वाफेच्या इंजिनात इंधनातील उष्णतेचा जेमतेम दशांश कामी येतो, हे त्यांना म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे यांच्या हाताखाली शिकताना उमगले. ही नासाडी थांबवण्याचा त्यांना ध्यास लागला. अतिशय दाबलेली हवा इतकी तापते, की तीत सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटते. या तत्त्वावरील त्यांच्या इंजिनाने १८९७ साली आउग्सबुर्ग येथील चाचणीत सुमारे २६ टक्के उष्णता कामी लावली. अवजड असल्याने ते मालमोटारींत मात्र १९२०च्या दशकातच आले. इंधनाची काटकसर शिकवणारे डिझेल स्वतः कर्जात बुडाले होते. अँटवर्पहून इंग्लंडला जाताना ते ‘ड्रेस्डेन’ या आगबोटीवरून नाहीसे झाले. पुढे त्यांचे प्रेत समुद्रात आढळले. मृत्यूचे गूढ उकललेले नाही.