विश्लेषण : बदनाम मंत्री ते परीक्षेचा देव... सुगावारा मिचिझाने कोण होते?

राजद्रोहाच्या आरोपावरून हद्दपार झालेल्या नवव्या शतकातील एका विद्वानापुढे जपानचे विद्यार्थी आजही परीक्षेआधी हात जोडतात. असे का?

जानेवारी ते मार्च हा जपानमध्ये विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांचा काळ. या दिवसांत ‘तेनमांगू’ नावाच्या शिंतो देवळांत विद्यार्थ्यांची रीघ लागते. लाकडी पाटीवर हव्या त्या विद्यापीठाचे नाव लिहून ती टांगायची, आवारातील बैलाच्या मूर्तीच्या डोक्यावरून हात फिरवायचा, अशी प्रथा आहे. देशभरात अशी सुमारे १२ हजार देवळे असल्याचे मानले जाते. त्यांतील देव मात्र पुराणकथेतला नाही. सुगावारा नो मिचिझाने (इ.स. ८४५ ते ९०३) हे सम्राटाच्या दरबारातील मंत्री होते आणि त्यांचा शेवट हद्दपारीत झाला.

सुगावारा घराणे काय होते?

या घराण्याचे मूळ नाव हाजी. राजघराण्याची अंत्यकर्मे आणि थडग्यांसाठी लागणारी मातीची भांडी व मूर्ती हे त्यांचे परंपरागत काम. इ.स. ७८१ मध्ये त्यांच्यातील एका शाखेने दरबाराकडे नाव बदलून मागितले आणि आजच्या नारा परिसरातील आपल्या गावावरून ‘सुगावारा’ हे नाव घेतले. अंत्यकर्मांऐवजी त्यांनी विद्येची वाट धरली. मिचिझाने यांचे आजोबा कियोकिमी इ.स. ८०४ मध्ये जपानी शिष्टमंडळासोबत चीनला गेले होते. आजोबा, वडील आणि इ.स. ८७७ मध्ये स्वतः मिचिझाने, अशा सलग तीन पिढ्यांनी राजकीय विद्यापीठात चिनी साहित्य व इतिहासाचे प्राध्यापकपद भूषवले.

मग दरबारात खरी सत्ता कोणाची होती?

फुजिवारा घराण्याची. आपल्या मुली सम्राटांना द्यायच्या, नातू गादीवर बसवायचा आणि त्याच्या नावाने कारभार हाकायचा, ही त्यांची पद्धत. इ.स. ८८७ मध्ये सम्राट उदा गादीवर आले, तेव्हा या ताकदीची झलक दिसली. फुजिवारा मोतोत्सुने यांना दिलेल्या फर्मानात ‘आको’ हा जुना चिनी किताब वापरला गेला होता. हा किताब केवळ मानाचा, अधिकाराविना आहे, असे म्हणत मोतोत्सुने यांनी कामकाजच थांबवले. अखेर सम्राटाला फर्मान मागे घ्यावे लागले. मिचिझाने तेव्हा शिकोकू बेटावरील सानुकी प्रांताचे सुभेदार होते. मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा होऊ नये म्हणून त्यांनी थेट मोतोत्सुने यांना पत्र लिहिले.

मिचिझाने इतके वर कसे गेले?

सम्राट उदा यांची आई फुजिवारा नव्हती. इ.स. ८९१ मध्ये मोतोत्सुने वारले आणि सम्राटाने या घराण्याला शह म्हणून मिचिझाने यांना बढत्या देण्यास सुरुवात केली. इ.स. ८९४ मध्ये त्यांना चीनला जाणाऱ्या शिष्टमंडळाचे प्रमुख नेमण्यात आले. मात्र तेथील अंदाधुंदी आणि समुद्रप्रवासाचे धोके दाखवून त्यांनीच फेरविचार सुचवला. ते शिष्टमंडळ गेलेच नाही आणि इ.स. ९०७ मध्ये चीनमधील तांग राजवट कोसळली.

इ.स. ८९७ मध्ये उदा यांनी पुत्र दाइगो यांच्यासाठी गादी सोडली. दोन वर्षांनी मिचिझाने उजवे मंत्री झाले. त्यांच्या वरच्या डाव्या मंत्र्याच्या पदावर मोतोत्सुने यांचे पुत्र तोकिहिरा होते. विद्वानांच्या घरातील माणसाने एवढ्या पदावर जाणे अनेकांना खुपत होते. पद सोडून विद्येकडे परतावे, असा सल्ला एका समकालीन विद्वानाने इ.स. ९०० मध्ये त्यांना पत्राने दिला. तो त्यांनी मानला नाही.

हद्दपारी कशामुळे झाली?

मिचिझाने यांची एक मुलगी दाइगो यांचे भाऊ राजपुत्र तोकियो यांना दिली होती. दाइगो यांना हटवून जावयाला गादीवर बसवण्याचा कट रचल्याचा आरोप इ.स. ९०१ च्या सुरुवातीला मिचिझाने यांच्यावर ठेवण्यात आला. माजी सम्राट उदा राजवाड्याकडे धावले, पण त्यांना आत सोडले गेले नाही. मिचिझाने यांना दूर क्युशू बेटावरील दाझाइफू येथे नाममात्र पदावर पाठवण्यात आले. मोठ्या मुलांनाही वेगवेगळ्या प्रांतांत धाडण्यात आले. मोडक्या घरात, हलाखीत दोन वर्षे काढून इ.स. ९०३ मध्ये ते तेथेच वारले. अंत्ययात्रेच्या गाडीचा बैल जेथे अडून बसला तेथेच दफन झाले, अशी आख्यायिका आहे. देवळांतील बैल त्यातूनच आले.

हद्दपार माणसाचा देव कसा झाला?

अन्यायाने मेलेल्याचा आत्मा सूड घेतो, अशी त्या काळची ठाम समजूत होती. इ.स. ९०९ मध्ये तोकिहिरा ऐन उमेदीत वारले. इ.स. ९२३ मध्ये युवराजाचे निधन झाले. त्याच वर्षी दरबाराने मिचिझाने यांना मरणोत्तर जुने पद परत दिले. तरीही इ.स. ९३० मध्ये राजवाड्यावर वीज कोसळून दरबारी ठार झाले आणि काही महिन्यांतच दाइगोही गेले. मिचिझाने मेघगर्जनेचे देव झाल्याची लोकांची खात्री पटली. इ.स. ९४७ मध्ये क्योटोत कितानो तेनमांगू हे देऊळ उभे राहिले, इ.स. ९९३ मध्ये दरबाराने त्यांना सर्वोच्च मंत्रिपद बहाल केले. आरोपाची फेरतपासणी झाली नव्हती; हे सारे भीतीपोटी घडले. पुढे भीती ओसरली आणि विजेचा देव विद्येचा देव झाला.

घराण्याचे नाव पुढे टिकले का?

टिकले. अकराव्या शतकातील ‘साराशिना निक्की’ या प्रसिद्ध आत्मकथनाची लेखिका मिचिझाने यांच्याच वंशातली. तिचे स्वतःचे नाव नोंदलेले नाही. ती ‘सुगावारा ताकासुए यांची मुलगी’ म्हणूनच ओळखली जाते. कागा प्रांताचे बलाढ्य माएदा सरदारही स्वतःला मिचिझाने यांचे वंशज म्हणवत आणि त्यांचे आवडते प्लमचे फूल घराण्याचे चिन्ह म्हणून मिरवत. इ.स. १७४६ मध्ये ओसाकात मिचिझाने यांच्या हद्दपारीवर कठपुतळी नाटक आले. ते काबुकीतही गेले आणि अजून होते. त्यात खलनायक आहे तोकिहिरा.