राहेलीने चोरलेले देव

पवित्र शास्त्रात राहेलीची पहिली भेट होते ती हारानजवळच्या विहिरीवर. ती बापाची मेंढरे घेऊन येते आणि परमुलखातून आलेला याकोब विहिरीवरची धोंड एकटाच लोटतो. तिच्यासाठी त्याने सात वर्षे चाकरी केली. लाबानाने कपटाने लेआ दिली, म्हणून आणखी सात. राहेलीला मात्र पुष्कळ वर्षे मूल नव्हते. मग योसेफ झाला.

विसाव्या वर्षी याकोबाने गुपचूप कनानाची वाट धरली. लाबान मेंढरे कातरावयास गेला होता. बापाने आपल्याला विकून मोबदलाही खाल्ला, अशी दोघी बहिणींची तक्रार होती. निघताना राहेलीने त्याचे तेराफीम, म्हणजे गृहदेवता, चोरले. का, ते शास्त्रलेखक सांगत नाही. बाप मूर्तिपूजेतून सुटावा म्हणून, असे यहूदी भाष्यकार राशी म्हणतो. पाठलाग झाल्यास त्यांच्या आधारे क्षमा मिळावी म्हणून, असे इतिहासकार योसेफस. इराकमधील नूझी येथे १९२५ ते १९३१ या काळात उत्खनन झाले. तेथील मृत्तिकालेखांवरून, गृहदेवता ज्याच्या हाती तोच वारस, असे मत रूढ झाले. १९६२ साली मोशे ग्रीनबर्ग यांनी ते खोडून काढले: मूर्ती वारसाकडे जात, परंतु मूर्ती बाळगल्याने कोणी वारस ठरत नसे. मलाही हेच पटते. हारान कायमचे सोडणाऱ्या स्त्रीला तेथील वतन काय कामाचे!

भाषांतर करताना येथे फार जपावे लागते. लाबान आणि याकोब त्या वस्तूंना देव म्हणतात. निवेदक स्वतः मात्र केवळ तेराफीम म्हणतो. दोन्हीकडे देव हाच शब्द घातला की त्याचा सूक्ष्म उपहास मराठीतून नाहीसा होतो. कारण हे देव चोरीस जातात, उंटाच्या खोगिरात दडवले जातात, आणि त्यांच्यावर एक स्त्री बसून राहते!

गिलादाच्या डोंगरावर लाबानाने त्यांना गाठले. ज्याच्यापाशी देव सापडतील तो जिवंत राहू नये, असे याकोब नकळत बोलून गेला. लाबानाने तंबूमागून तंबू चाचपले. विटाळाचे निमित्त सांगून राहेल उठलीच नाही.

पुढे शखेमजवळ याकोबाने घरच्यांकडील परके देव एला वृक्षाखाली पुरले. त्यांत लाबानाचे होते किंवा नाही, हे लिहिलेले नाही. तेथून बेथेलास जाऊन ते एफ्राथाच्या वाटेला लागले. त्या वाटेवर राहेल दुसऱ्या बाळंतपणात मरण पावली. तिने मुलाचे नाव बेनओनी ठेवले, बापाने बन्यामीन. तिच्या मृत्यूचा संबंध त्या शापाशी पुष्कळांनी जोडला आहे, शास्त्राने जोडलेला नाही. याकोबाने तिच्या कबरेवर स्तंभ उभारला. ते शब्द आपण कोणाविषयी उच्चारले होते हे त्याला कधी कळले, असे उत्पत्तीच्या पुस्तकात कोठेही म्हटलेले नाही.