भूमिहीनांचे सेनापती : कर्मवीर दादासाहेब गायकवाड



धम्मदीक्षा घेतलेल्या माणसाला पहिली परीक्षा विहारात द्यावी लागत नाही. ती गावच्या वेशीत आणि मालकाच्या बांधावर द्यावी लागते. १९५६ नंतर गावोगाव आपल्या लोकांनी मेलेली जनावरे ओढणे सोडले, येसकरकी सोडली, शिळ्या भाकरीसाठी दारोदार फिरणे सोडले. नको असलेले काम नाकारण्याचा तो आपला शांततामय संप होता. गावाने त्याला बहिष्काराने उत्तर दिले. पाणी तोडले, किराणा बंद केला, शेतावरची मजुरी बंद केली. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याने स्वाभिमान राखायचा तरी कशाच्या बळावर? हा प्रश्न ज्या पुरुषाने आयुष्यभर धसास लावला, ते कर्मवीर दादासाहेब गायकवाड.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी झाला. खेड्यातल्या माणसाची भाषा आणि त्याचे दुःख त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. तरुणपणीच ते बोधिसत्त्व बाबासाहेबांच्या चळवळीत आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याची सारी जुळवाजुळव दादासाहेबांच्या खांद्यावर होती. सत्याग्रहींवर दगड आले, लाठ्या आल्या, तुरुंग आला. हा लढा सुमारे पाच वर्षे चालला. देवळाचे दार काही उघडले नाही, पण हजारो माणसे हात न उगारता उभे राहायला शिकली. पुढे १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या परिषदेच्या मागेही दादासाहेबांचेच कष्ट होते.

देवळाकडून दादासाहेब जमिनीकडे वळले. यात तुटकपणा काहीच नाही. माणुसकीचा हक्क मागणाऱ्याला भाकरीचा हक्कही मागावा लागतो. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. निजामी गेली तरी देशमुखी आणि सावकारी गेली नव्हती. आपला माणूस सालगडी म्हणून राबे, उचल घेई आणि फेडता फेडता म्हातारा होई. १९५३ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने मराठवाड्यात गायरान आणि पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला व शेकडो माणसे तुरुंगात गेली.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. दादासाहेब त्या वर्षी नाशिकहून लोकसभेवर निवडून गेले. दिल्लीच्या खुर्चीत बसूनही त्यांचे लक्ष खेड्यातल्या मजुराकडेच होते. १९५९ साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. मराठवाडा, खानदेश, नाशिक अशा भागांतून बाया-माणसे निघाली. कोणाची उभी पिके लुटायची नाहीत, कोणावर हात टाकायचा नाही, सरकारी पडीक जमीन मागायची आणि पकडले तर शांतपणे तुरुंगात जायचे, अशी त्या लढ्याची रीत होती. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारला पडीक जमिनी भूमिहीनांना देण्याचे आश्वासन द्यावे लागले. मात्र आश्वासन कागदावर जितके लांब होते, तितकी जमीन हाती आली नाही.

म्हणून ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. त्याआधी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापुढे दहा मागण्यांची सनद ठेवण्यात आली होती. कसेल त्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनाला, १९४८ च्या किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, धान्याच्या भावांवर नियंत्रण, बौद्धांना पूर्वीच्या सवलती आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र या त्यांतील काही. रोज नव्या तुकड्या कचेऱ्यांपुढे जात आणि अटक करून घेत. कडेवर लेकरू घेऊन माता तुरुंगात गेल्या. पक्षाच्या गणनेप्रमाणे तीन लाखांहून अधिक लोकांनी कारावास पत्करला. लढा १९६५ च्या फेब्रुवारीपर्यंत चालला.

दादासाहेबांच्या वाट्याला टीकाही आली. पक्षात फूट पडली. कोटवाले आणि धोतरवाले असा भेद बोलला जाऊ लागला. जमिनीच्या नादी लागून हे समाजाला भलतीकडे नेतात, असे काही शिकलेले म्हणत. दादासाहेब धोतरातच राहिले आणि शेतमजुराची बाजू त्यांनी सोडली नाही. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीत सनदेतील थोडेच पदरात पडले. पण संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र १२ एप्रिल १९९० रोजी लागले आणि त्याच वर्षी कायदा दुरुस्त होऊन बौद्धांना केंद्राच्या सवलतीही मिळाल्या. गायरानावरील भूमिहीनांची जुनी वहिवाट कायम करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. बीड जिल्ह्यात ॲड. एकनाथ आवाड यांनी हा गायरानाचा लढा पुढे चालविला. दादासाहेबांच्या नावाची सरकारी योजना भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन देते. तरी दसरा-दिवाळीनंतर बीडच्या गावांतून हजारो जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडे जातातच. मुकादमाची उचल अंगावर असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि लेकरांची शाळा सुटते. हे मजूर भाववाढीसाठी कोयता बंद करतात, तेव्हा दादासाहेबांचीच वाट चालत असतात.

भगवान बुद्धांनी सिगालाला गृहस्थाचा विनय सांगितला. त्यात धन्याने मजुराला शक्तीप्रमाणे काम द्यावे, पोटभर अन्न व योग्य वेतन द्यावे, आजारात त्याची काळजी घ्यावी आणि वेळोवेळी सुटी द्यावी, अशी शिकवण आहे. तेव्हा रास्त मजुरी मागणे हे धम्माबाहेरचे काम आहे, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. मात्र मागताना शीलही सांभाळा. पाणातिपातापासून अलिप्त राहण्याचे व्रत सकाळी वंदनेत म्हणायचे आणि दुपारी दुसऱ्याची गंजी पेटवायची, हे चालणार नाही. लाखो माणसे चालवूनही दादासाहेबांनी हे भान सोडले नाही.

आपल्या घरात उचलीचा हिशेब लिहून ठेवा, जमिनीच्या पावत्या आणि सातबारा जपा, मजुरीचा दर वस्तीने एकत्र बसून ठरवा. एकट्याने नकार दिला की मालक दुसरा मजूर आणतो. सगळ्या वस्तीने नकार दिला की त्याला बोलणी करावी लागतात. दादासाहेबांचे चरित्र मुलांना सांगताना ही गोष्ट अवश्य सांगा.

जयभीम! नमो बुद्धाय!