दात सरळ करणाऱ्या या माणसाने 300 वर्षांपूर्वीच सांगितलेलं, दातात कीड नसते!

दीडदोन वर्षं ब्रेसेस लावायच्या, तारा घट्ट केल्या की दुखणं सहन करायचं आणि शेवटी तारा निघाल्यावर आरशात काय दिसतं? दात एका रांगेत, पण त्यांच्यावर पांढरे डाग. अनेकांच्या बाबतीत हे होतं, कारण सगळं लक्ष दात सरळ होण्याकडे असतं. स्वच्छतेचं राहूनच जातं.

या दोन्ही गोष्टींवर एकाच वेळी काम करणारा माणूस 300 वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये होऊन गेला. त्याचं नाव पियेर फोशार. जग त्याला आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणतं.

फोशारचा जन्म 1678 च्या सुमारास झाला. कोवळ्या वयातच तो फ्रेंच नौदलात गेला. महिनोन् महिने समुद्रावर असलेल्या खलाशांना स्कर्व्ही व्हायचा. हिरड्या सुजायच्या, दात पडायचे. तिथेच एका नौदल सर्जनच्या हाताखाली तो दातांचं काम शिकला. पुढे त्याने आँजे शहरात आणि मग पॅरिसमध्ये बस्तान बसवलं.

तो काळ असा होता की जत्रेत, बाजारात बसणारे लोक दात उपटायचे. पेशंटला जमिनीवर बसवून, डोकं गुडघ्यात धरून दात काढला जायचा. फोशारने सांगितलं, पेशंटला नीट खुर्चीत बसवा.

1728 मध्ये त्याचा दंतवैद्यकावरचा दोन खंडांचा ग्रंथ आला. वाकडे दात सरळ करायला तो घोड्याच्या नालेच्या आकाराची धातूची पट्टी वापरायचा आणि दात धाग्याने तिला बांधायचा. या पट्टीचं नाव होतं 'बँडो'. आजच्या ब्रेसेसची ही पणजीच म्हणा ना!

दात किडतो तो आतल्या किड्यामुळे, असं तेव्हा लोक मानायचे. आपणही अजून 'दाताला कीड लागली' असंच म्हणतो. फोशारने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, त्याला किडा दिसला नाही. त्याने बोट ठेवलं ते साखरेवर. रोज तोंड धुवा, दात घासा, गोड कमी खा, असा त्याचा आग्रह होता. अर्थात त्याचं सगळंच बरोबर नव्हतं. दातांसाठी स्वतःच्या लघवीने चूळ भरायचा सल्लाही त्याने दिला होता! तो मात्र पाळू नका.

1761 मध्ये फोशार गेला. बॅक्टेरिया साखरेपासून ॲसिड बनवतात आणि त्याने दात किडतात, हे विज्ञानाला कळायला आणखी शंभरेक वर्षं लागली. पण साखरेबद्दल तो बरोबर निघाला. ब्रेसेस असतील तर हे जास्तच लागू पडतं. ब्रॅकेटच्या कडेला आणि तारेखाली अन्न अडकतं, तिथेच ॲसिड तयार होतं आणि दातावरच्या कवचातली खनिजं निघून जातात. सुरुवातीचे ते पांढरे डाग म्हणजे हेच.

म्हणून ब्रेसेस असताना :

- काहीही खाल्लं की चूळ भरा.
- मऊ ब्रश तिरका धरून ब्रॅकेटच्या वर आणि खाली, दोन्हीकडे घासा.
- तारेखाली दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश फिरवा.
- फ्लोराइडची टूथपेस्ट वापरा.
- चिक्की, टॉफी असे चिकट आणि कडक पदार्थ टाळा.

दात सरळ करायचं काम तारा करतील. ते स्वच्छ ठेवायचं काम मात्र तुमचंच आहे.