साने गुरुजी : दिनक्रमातून घडणारे चारित्र्य

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• साने गुरुजींच्या जीवनातील प्रमुख टप्पे कालक्रमाने सांगता येतील.
• अमळनेरच्या छात्रालयात त्यांनी केलेल्या शैक्षणिक कार्याचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• ‘श्यामची आई’ हे पुस्तक आणि लेखकाचे प्रत्यक्ष जीवन यांतील नाते विवेचकपणे पाहता येईल.
• चारित्र्यशिक्षण शालेय दिनक्रमात कसे आणता येईल, याविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘चरित्र’ आणि ‘चारित्र्य’ हे दोन्ही शब्द संस्कृतातील ‘चर्’ या एकाच धातूपासून आले आहेत, हे तुमच्या लक्षात आले असेल. चर् म्हणजे चालणे, वावरणे. आचार, आचरण, संचार हे शब्दही याच कुळातले. चरित्र म्हणजे एखादी व्यक्ती आयुष्यात कशी वावरली याचा वृत्तांत, आणि चारित्र्य म्हणजे त्या वावरण्याला लाभलेले स्थिर वळण. ज्या गुणाचे नावच चालण्यावरून पडले आहे, तो गुण बसल्या जागी शिकवता येईल काय, हा या घटकातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

शाळांना हा प्रश्न नवा नाही. सकाळच्या परिपाठात सुविचार वाचला जातो, बोधकथा सांगितली जाते, वेळापत्रकात मूल्यशिक्षणाला जागा दिली जाते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील दहा गाभाघटक अध्यापनशास्त्राचे विद्यार्थी पाठही करतात. असे असूनही फळ्यावरचा सुविचार मुलाच्या हातात कसा उतरतो, हे कोडे शिल्लक राहते. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, यांनी या कोड्याचे एक उत्तर प्रत्यक्ष आचरून दाखवले. त्यासाठी त्यांचे चरित्र अभ्यासायचे आहे.

या घटकातील काही उदाहरणे मालवण तालुक्यातील तारकर्ली या किनाऱ्यावरच्या गावाच्या परिसरातून घेतली आहेत. गुरुजींचे जन्मगाव पालगड दापोली तालुक्यात आहे. त्यांच्या जन्माच्या वेळी दापोली आणि मालवण हे दोन्ही तालुके एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. ज्या कोकणी दारिद्र्यातून आणि कष्टांतून गुरुजी घडले, त्याची ओळख तारकर्लीच्या वाचकाला वेगळी करून द्यावी लागणार नाही.

२. पालगड ते अमळनेर

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी झाला. वडिलांचे नाव सदाशिवराव आणि आईचे यशोदा. घराणे खोताचे, परंतु वडिलांच्या काळापर्यंत वैभव ओसरले होते आणि कर्जाचे ओझे वाढत गेले होते. पालगडनंतर त्यांचे शिक्षण दापोलीच्या मिशन शाळेत झाले. पुढे खर्च परवडेना, तेव्हा गरीब विद्यार्थ्यांची सोय होते असे कळल्यावरून ते औंध संस्थानात गेले आणि तेथून पुण्यास आले. १९१७ मध्ये आई गेली, तेव्हा पांडुरंग तिच्यापासून दूर होता. ही सल आयुष्यभर राहिली, आणि त्यांच्या लेखनाचा मोठा भाग या सलीतूनच आला आहे.

१९१८ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुण्याच्या न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, त्यांनी पदवी घेतली. पुढे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी ते खानदेशातील अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात दाखल झाले. तेथे राहून ग्रंथांच्या सहवासात आयुष्य काढणे त्यांना शक्य होते. तथापि १९२४ मध्ये त्यांनी त्याच गावातील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत, पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखल्या गेलेल्या विद्यालयात, शिक्षकाची नोकरी पत्करली. तत्त्वज्ञानाचा अभ्यासक मुलांच्या वर्गात गेला, ही त्यांच्या चरित्रातील पहिली निर्णायक घटना होय.

३. छात्रालयातील कार्य

१९२४ ते १९३० ही सहा वर्षे गुरुजी अमळनेरच्या शाळेत होते. याच काळात शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली, घर सोडून राहणारी ही मुले. शिस्त लावायची तर दंड, तंबी आणि छडी ही साधने त्या काळी सर्वमान्य होती. भाषेच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र हाच शब्द दंडाच्या अर्थाने रूढ झाला. शिकणे आणि मार खाणे यांचे नाते आपल्या शब्दव्यवहारातही किती जुने आहे, हे यावरून दिसते.

गुरुजींनी दुसरी वाट धरली. एखाद्याचे अंथरूण तसेच पसरलेले असेल, तर ते स्वतः त्याची घडी घालून ठेवत. खोली अस्वच्छ दिसली तर स्वतः केरसुणी हाती घेत. मळलेले कपडे दिसले तर धुऊन टाकत. आजारी मुलाच्या उशाशी बसत. या कामांचा गाजावाजा नव्हता आणि त्यांमागून उपदेशही येत नसे. आपल्या शिक्षकाने आपला केर काढलेला पाहून मुले वरमली आणि हळूहळू स्वतःची कामे स्वतः करू लागली.

या पद्धतीचे नीट विश्लेषण करा. तीत तीन गोष्टी आहेत. एक, गुण शब्दांत सांगण्याऐवजी कामात दाखवलेला आहे. दोन, ते काम रोजचे आहे; वर्षातून एकदा होणाऱ्या स्वच्छता सप्ताहाचे नाही. तीन, मोठ्या माणसाने ते आधी केले आहे. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत अवघड असते, कारण तीत शिक्षकाला स्वतःच्या मोठेपणाची किंमत मोजावी लागते.

याला जोड होती ती शब्दांची. गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. दिवसभराचे अध्यापन आणि छात्रालयाची कामे उरकल्यावर ते स्वतःच्या हाताने त्याचा मजकूर लिहीत. त्यात थोरांची चरित्रे असत, देशातील घडामोडी असत, छात्रालयातील लहानमोठ्या गोष्टीही असत. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिकही चालवले. म्हणजे गुरुजींना शब्द नकोसे होते असे नाही. मुलाने शिक्षकाचे काम आधी पाहिलेले असे, आणि त्यामुळे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यास त्याला आधार मिळे.

४. तुरुंगवास आणि ‘श्यामची आई’

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरण्यासाठी गुरुजींनी शाळा सोडली. पुढील आयुष्यात त्यांना वारंवार तुरुंगवास घडला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडील सहबंदींच्या संगतीने त्यांनी तमिळ भाषेचा परिचय करून घेतला आणि पुढे तिरुक्कुरळ मराठीत आणले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर १८ प्रवचने दिली. ती आज आपल्याला वाचता येतात, कारण गुरुजींनी ती टिपून घेतली होती.

९ फेब्रुवारी १९३३ रोजी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहावयास घेतले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ते हातावेगळे केले. आश्रमातील सोबत्यांना श्याम रोज रात्री आपल्या आईची एक आठवण सांगतो, अशी पुस्तकाची रचना असून त्यात ४२ रात्री आहेत. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

चरित्राचा अभ्यासक म्हणून तुम्ही येथे एक सावधगिरी बाळगावी. श्याम म्हणजे तंतोतंत पांडुरंग नव्हे. हे पुस्तक आठवणींवर आधारलेले असले तरी ती कथनात्म साहित्यकृती आहे; तिला दस्तऐवज मानून चालणार नाही. मात्र गुरुजींना चारित्र्यशिक्षण कसे दिसत होते, हे समजून घेण्यास यापेक्षा जवळचे साधन नाही.

या पुस्तकातील आई कोणताही तास घेत नाही. स्नानानंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून मूल हट्ट धरते, तेव्हा ती आपला पदर दगडावर पसरते आणि त्या निमित्ताने मनाच्या स्वच्छतेचा विषय निघतो. भाजी अळणी झाली असता घरातली माणसे काही न बोलता जेवतात आणि रांधणारीचे मन राखतात. कळ्या खुडल्याने काय होते, हे फुले तोडतानाच मुलाला कळते. जेवण, स्नान, फुले, पोहणे हाच तिचा अभ्यासक्रम. श्याम विहिरीत पोहण्यास भितो आणि लपून बसतो, तेव्हा ती शिपटीने मारून त्याला बाहेर काढते. हा प्रसंग वाचताना मात्र आजच्या शिक्षकाने काळाचे भान ठेवले पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई केली आहे, आणि छात्रालयातील स्वतः गुरुजींचा मार्गही त्या मारातून गेलेला नव्हता.

५. पंढरपूर : चारित्र्याची कसोटी

त्याच पुस्तकात आणखी एक प्रसंग आहे. अस्पृश्य मानलेल्या जातीतील एका वृद्धेची लाकडाची मोळी खाली पडते. आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे. आणि घरी येऊन स्नान कर. या एका प्रसंगात घरगुती संस्काराचे सामर्थ्य आणि त्याची सीमा या दोन्ही गोष्टी दिसतात. आईच्या करुणेने रूढीचे दार किलकिले केले, पण ते पूर्ण उघडले नाही. मदत झाली, तरी विटाळ कायम राहिला.

मुलगा आईच्या पुढे गेला. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला, जागोजागी लोकांना समजावले आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभले. विरोध तीव्र होता. अखेर मंदिर खुले करण्याचा निर्णय झाला आणि उपोषण सुटले. आईने सांगितलेले ते स्नान अनावश्यक ठरावे, यासाठी मुलाने प्राण पणाला लावले, असे या दोन घटना शेजारी ठेवून म्हणता येते.

चारित्र्यशिक्षणाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व फार आहे. नम्रता, स्वच्छता, आज्ञाधारकता हे गुण शाळेला सोयीचे असतात. परंतु आज्ञाधारक मुलगा अन्यायाचीही आज्ञा पाळू शकतो. छात्रालयात केर काढणाऱ्या शिक्षकाने पुढे मंदिराच्या बंद दाराशी बसून उपोषण केले, म्हणून त्याच्या केर काढण्याला पूर्ण अर्थ प्राप्त झाला. दोन्ही ठिकाणी विचार एकच होता : कोणतेही काम हलके नाही आणि कोणताही माणूस हलका नाही.

६. अखेरची वर्षे

१५ ऑगस्ट १९४८ रोजी गुरुजींनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. निरनिराळ्या प्रांतांतील लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, या हेतूने त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. गांधीजींच्या हत्येने ते आतून हादरले होते. ११ जून १९५० रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले.

चरित्रकाराने ही घटना लपवू नये आणि तिला उदात्त रंगही देऊ नये. इतरांच्या दुःखाने व्याकूळ होणाऱ्या मनालाही आधाराची गरज असते. जो शिक्षक सर्वांची अंथरुणे घडी करतो, त्याची विचारपूस कोण करतो, हा प्रश्न या चरित्राने आपल्यापुढे ठेवला आहे. चारित्र्यशिक्षणाची जबाबदारी एकट्या शिक्षकाच्या खांद्यावर टाकणाऱ्या प्रत्येक शाळेने आणि गावाने तो स्वतःला विचारला पाहिजे.

७. आजच्या संदर्भात

आता तारकर्लीकडे वळू. या किनाऱ्यावर रापण ओढण्याची पद्धत जुनी आहे. होडीतून समुद्रात जाळे अर्धवर्तुळाकार सोडतात. त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरची माणसे मिळून ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पाडतात. वाळूत उभे असलेले मूल दोराला हात लावता लावता सहकार्य शिकते. वाटे कसे पडतात हेही ते पाहते. वाटे न्यायाने पडले तर ते न्याय शिकते, आणि कोणाला डावलले गेले तर तेही शिकते.

तुमच्यापैकी कोणी अंगणवाडीत वा शाळेत काम करीत असेल, कोणी न्याहारी-निवास योजनेत पाहुण्यांची व्यवस्था पाहत असेल, कोणी होडी चालवीत असेल. पर्यटकाचे विसरलेले पाकीट तुम्ही परत करता की नाही, होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेण्यास नकार देता की नाही, किनाऱ्यावरची प्लास्टिकची पिशवी स्वतः वाकून उचलता की नाही, हे घरातील मूल पाहत असते. शाळेलाही हेच लागू आहे. मध्यान्ह भोजनाच्या वेळी शिक्षक मुलांच्या पंगतीत बसतात काय, वर्गाचा केर काढण्याची पाळी मुलामुलींवर सारखीच येते काय, उशिरा आलेल्या शिक्षकाने मुलांपुढे दिलगिरी व्यक्त केली काय, या साध्या गोष्टींत परिपाठातल्या सुविचाराची रोज परीक्षा होते.

८. समारोप

या घटकात आपण पालगडच्या एका गरीब घरातून निघून अमळनेर, नाशिक आणि पंढरपूर या वाटेने गेलेले एक आयुष्य पाहिले. साने गुरुजींच्या शिक्षणविचारात चारित्र्याला स्वतंत्र तासिका नव्हती. दिवसभराचे सगळे तास त्याचेच होते. मोठ्या माणसाने आधी करावे, रोज करावे आणि शाळेच्या दाराबाहेर अन्याय दिसला तर तेथेही तसेच वागावे, एवढे त्याचे सार सांगता येईल. पुढील घटकाकडे जाण्यापूर्वी खालील प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहून पाहा.

स्वाध्याय

१. छात्रालयातील गुरुजींच्या कार्यपद्धतीची तीन वैशिष्ट्ये सांगा.
२. ‘श्यामची आई’ या पुस्तकाचा चरित्रसाधन म्हणून उपयोग करताना कोणती दक्षता घ्यावी लागते?
३. मोळीचा प्रसंग आणि पंढरपूरचे उपोषण यांतील संबंध स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील एखादे सामूहिक काम निवडा. त्यातून मुले कोणते गुण शिकतात आणि कोणते दोष उचलतात, हे आठ दिवस निरीक्षण करून दोनशे शब्दांत लिहा.