तलाठ्याची नोकरी सोडून गावाचं सरकार उभं करणारे क्रांतिसिंह नाना पाटील

३ ऑगस्ट १९०० हा क्रांतिसिंह नाना पाटील यांचा जन्मदिवस. वाळवा तालुक्यातलं येडेमच्छिंद्र हे त्यांचं गाव. त्यावेळी सांगली जिल्हा वेगळा नव्हता, हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडायचा.

शेतकऱ्याच्या पोरानं शिकून तलाठी व्हावं, ही त्या काळात मोठीच गोष्ट. नाना तलाठी झाले. पण सरकारचा सारा आणि सावकाराचं व्याज यात कुणबी कसा भरडला जातो, हे त्यांना माहीत होतं. सत्यशोधक चळवळीचे विचारही कानावर पडलेले. १९३० साली कायदेभंगाची हाक आली अन् नानांनी बांधलेल्या पगारावर पाणी सोडलं. पुढची बारा वर्षं सभा आणि तुरुंग हेच चालू राहिलं. खडा आवाज आणि रांगडी भाषा, त्यामुळं सभेला बायाबापड्याही यायच्या.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये चले जाव चळवळ सुरू झाली. तासगाव, वडूज, इस्लामपूरच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. सप्टेंबरमध्ये वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं गेली. नाना भूमिगत झाले. सरकारनं बक्षीस लावलं, घरदार-जमीन जप्त केली. तरी १९४६ पर्यंत ते पोलिसांच्या हाती लागले नाहीत, कारण गावोगावच्या लोकांनी त्यांना सांभाळलं.

याच काळात प्रतिसरकार उभं राहिलं. लोक त्याला पत्री सरकार म्हणायचे. रेल्वे आणि खजिन्यावरच्या धाडी सगळ्यांना ठाऊक आहेत. पण शेतकऱ्याच्या रोजच्या जगण्याला हात घालणारं काम वेगळंच होतं. भांडणतंटे गावातच मिटवायला न्यायदान मंडळं होती. सावकार आणि गुंडांना जरब होती. दारूबंदी होती. आणि लग्नापायी कर्ज होऊ नये म्हणून कमी खर्चाची गांधी पद्धतीची लग्नं लावली जायची. जी. डी. बापू लाड यांचंही लग्न १९४५ साली कुंडलला असंच लागलं.

स्वातंत्र्यानंतर नाना आधी शेतकरी कामगार पक्षात आणि मग कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते पुढं होते. १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून ते लोकसभेवर निवडून गेले. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचं निधन झालं.

पुतळ्याला हार घालायला आज सगळेच पक्ष येतात. मात्र त्याच गावात पोरीच्या लग्नासाठी बाप रान गहाण टाकतो. बांधाच्या वादाची तारीख वर्षानुवर्षं तालुक्याला पडत राहते. ही दोन्ही दुखणी नानांनी ओळखली होती आणि हाती ना खुर्ची ना तिजोरी असताना त्यावर इलाजही करून दाखवला होता. जयंतीच्या ग्रामसभेत हारतुऱ्यांच्या आधी या दोन विषयांवर बोलणं व्हायला हरकत नाही.