शिवकर बापूजी तळपदे आणि कागदावरचं यान

आधीच सांगून टाकतो. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत लिहायचं म्हटलं की अजूनही ऱ्हस्व-दीर्घाची भीती वाटते. तरी हा लेख मराठीतच लिहायचा असं ठरवलं, कारण ज्या माणसाबद्दल लिहितोय तो आपल्याच मातीतला आहे. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

सुरुवात आमच्या फजितीपासून करतो. मागच्या टेक-फेस्टमध्ये एक स्पर्धा होती. विज्ञानकथेतल्या एका काल्पनिक विश्वासाठी ताराजहाजांचा एक पूर्ण वर्ग डिझाइन करायचा. आम्ही तिघा रूममेट्सनी आठ रात्री जागून चार जहाजं काढली. एक लढाऊ, एक मालवाहू, एक संशोधनाचं आणि एक कुठेही उतरू शकणारं. नावं भारी, थ्री-डी चित्रं तर त्याहून भारी. परीक्षक म्हणून आलेल्या सरांनी फक्त एवढंच विचारलं की जहाजाचं वजन किती आणि ते ढकलायला ताकद किती लागेल. आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. बक्षीस दुसऱ्याच ग्रुपला गेलं.

त्यानंतर दिवाळीत घरी हिंगणघाटला गेलो. आबाजींनी मोठ्या कौतुकाने मोबाईलवर आलेला एक मेसेज दाखवला. शिवकर बापूजी तळपदे या मराठी माणसाने 1895 मध्ये, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, असं त्यात होतं. सोबत चार प्राचीन विमानांची चित्रं. ती बघून मी हादरलोच. आमच्या चार जहाजांसारखीच होती ती, दिसायला एकदम भन्नाट! मग मेसेज तसाच पुढे न पाठवता मी सुट्टीभर या माणसाचा शोध घेतला.

तळपद्यांचा जन्म 1864 चा, मुंबईतल्या चिराबाजारचा. घराणं पाठारे प्रभू समाजातलं. संबंध आला जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी, म्हणजे मूळ पिंड चित्रकला आणि हस्तकौशल्याचा. त्या काळात मुंबईत आर्य समाजाचं वारं होतं. स्वामी दयानंदांच्या ऋग्वेदादिभाष्यभूमिका या ग्रंथात जहाज आणि विमान विद्येवर एक प्रकरणच आहे. वेदांत यंत्रविद्या आहे हा विचार तळपद्यांच्या मनात पक्का बसला आणि त्यांनी विमान करायचं मनावर घेतलं. त्याला नाव दिलं मरुत्सखा, म्हणजे वाऱ्याचा मित्र. नाव ठेवावं तर असं!

आता जरा 1895 सालाची कल्पना करा. आपला देश पारतंत्र्यात. इथल्या माणसाला कारखाना नाही, प्रयोगशाळा नाही, मदतीला सरकार नाही. इंजिनिअरिंगची डिग्री नसलेला एक माणूस मुंबईत बसून उडायचं यंत्र करायला घेतो. मला स्वतःला इथेच त्यांच्याबद्दल आदर वाटायला लागला. घरून पैसे, कॉलेजातून वर्कशॉप आणि हॉस्टेलमधून वाय-फाय मिळूनही आपण मिनी प्रोजेक्ट आयता विकत आणतो. आणतो की नाही?

गोष्ट अशी सांगितली जाते की न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्यासमोर मरुत्सखा माणसाशिवाय वर गेलं, 1,500 फूट उंची गाठली आणि खाली आदळलं. पण ते उड्डाण डोळ्यांनी पाहून त्याच वेळी लिहून ठेवलेला एकही विश्वसनीय पुरावा हाती लागलेला नाही. जे आहे ते सगळं नंतरचं, ऐकीव. 1,500 फूट म्हणजे साधारण 457 मीटर, आयफेल टॉवरपेक्षाही उंच. एवढं वर काही गेलं असतं तर सगळ्या गिरगावाने आणि मलबार हिलनेही पाहिलं असतं. मुंबईत तेव्हा इंग्रजी, मराठी, गुजराती वर्तमानपत्रं निघत होती. त्यांनी ते सोडलं असतं का?

इंधनाचीही तीच गत. पाऱ्यावर सूर्यकिरण पडून हायड्रोजन तयार व्हायचा आणि त्यावर विमान चालायचं, असं काही ठिकाणी लिहिलंय. पारा हे मूलद्रव्य आहे. त्यात हायड्रोजन नाहीच, तर बाहेर कुठून येणार? हे तर बारावीचं पोरगंही सांगेल.

याच काळात अमेरिकेत सॅम्युएल लँग्ले नावाचा शास्त्रज्ञ हेच करत होता. 6 मे 1896 रोजी पोटोमॅक नदीवर त्याचं माणसाशिवायचं मॉडेल उडालं. वजन साधारण 11 किलो, त्यात एक हॉर्सपॉवरचं वाफेचं छोटं इंजिन, आणि अंतर कापलं सुमारे एक किलोमीटर. टेलिफोनवाला ग्रॅहॅम बेल तिथे हजर होता आणि त्याने फोटो काढले. म्हणून आज कोणी त्यावर वाद घालत नाही. पुढे 1903 मध्ये लँग्लेचं माणूस बसवलेलं विमान दोनदा पाण्यात पडलं, लोक हसले, तेही नोंदवलेलं आहे. त्याच वर्षी 17 डिसेंबरला राइट बंधू 12 सेकंद उडाले, अंतर जेमतेम 36 मीटर. पण त्याआधी 1901 मध्ये त्यांनी स्वतः विंड टनेल बनवून पंखांचे कितीतरी आकार तपासले होते. सायकलचं दुकान चालवणारी दोन पोरं, पण वही कोरी ठेवली नाही.

तळपदे मात्र थांबले नाहीत. बंगळूरजवळच्या आनेकल गावी सुब्बराय शास्त्री नावाचे पंडित होते. भरद्वाज ऋषींची विमानविद्या आपल्याला अवगत आहे असं ते सांगत. त्यांच्या मार्गदर्शनाने तळपद्यांनी मॉडेल्स करून पाहिली, पण ती उडाली नाहीत. 1916-17 च्या सुमारास तळपदे गेले.

आता खरी गंमत ऐका. आबाजींच्या मेसेजमधली चार विमानं म्हणजे शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर. शकुन पक्ष्यासारखं पंख-शेपटीचं, रुक्म वर निमुळतं होत गेलेलं, त्रिपुर जमीन, पाणी आणि हवा तिन्हीकडे चालणारं. सुब्बराय शास्त्रींनी वैमानिक शास्त्र हा ग्रंथ 1918 ते 1923 या काळात तोंडी सांगून लिहवून घेतला. चित्रं काढली एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समनने, 1923 मध्ये. हे एल्लप्पा बंगळूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात होते, म्हणजे आपल्याच बिरादरीतले! थोडक्यात, ज्या चित्रांखाली तळपद्यांचं नाव घालून मेसेज फिरतात, ती चित्रं तळपद्यांनी जन्मात पाहिली नाहीत. ती त्यांच्या मृत्यूनंतरची आहेत.

1974 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच जणांनी हा ग्रंथ नीट तपासला. प्रो. मुकुंदा त्यात होते. भाषा तपासली, आकार तपासले, वजन आणि ताकद यांचा हिशोब मांडला. ग्रंथ प्राचीन नाही, विसाव्या शतकातला आहे, आणि यातलं एकही विमान उडू शकणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. टेक-फेस्टमध्ये सरांनी आम्हाला जे विचारलं, तेच त्यांनी शकुन आणि रुक्मला विचारलं. उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं.

म्हणून विमानाची कल्पना करणं चूक होतं का? मुळीच नाही. कल्पना म्हणून ती चार विमानं मला आजही आवडतात. विज्ञानकथेत टाकली तर कोणत्याही सिनेमातल्या जहाजाला भारी पडतील. घोळ होतो तो कागदावरच्या यानाला आपण उडालेलं यान म्हणायला लागतो तेव्हा. त्यात सगळ्यात जास्त नुकसान तळपद्यांचं होतं. त्यांचे प्रयत्न, त्यांचं वेड, फसलेली मॉडेल्स, यातलं काही आपण जपत नाही. एक न झालेला विक्रम तेवढा त्यांच्या नावावर चिकटवतो. मग कोणी तो विक्रम खोडला की बिचारा माणूसही त्याच्यासोबत पुसला जातो. 2015 मध्ये त्यांच्यावर हवाईजादा नावाचा हिंदी सिनेमा आला, त्यातही उड्डाणच मोठं झालं.

सुट्टी संपायच्या आधी आबाजी मला घेऊन विल्यम लॅम्बटनच्या कबरीकडे गेले. आमच्या हिंगणघाटबाहेर हे फार कोणाला माहीत नसतं. मद्रासपासून अख्खा भारत मोजत निघालेला हा इंग्रज माणूस 20 जानेवारी 1823 रोजी आमच्या गावात वारला. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना त्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट आदळून वाकडा झाला होता, तर त्याने तो स्वतः बसून सरळ केला आणि पुन्हा मोजायला लागला. तिथे उभं राहून मी आबाजींना तळपद्यांची सगळी हकिकत सांगितली. त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. बराच वेळ काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी मला तारखा पुन्हा एकदा सांगायला लावल्या, कागदावर लिहून घेतल्या आणि रात्री सगळं सावकाश टाइप करून ग्रुपवर टाकलं. तळपद्यांचं नाव सगळ्यात वर, आदराने.

हॉस्टेलला परत आल्यावर आम्ही आमची चार जहाजं पुन्हा उघडली. आता प्रत्येकाखाली एक तक्ता आहे. वजन, इंधन, ताकद. पहिल्याच हिशोबात लढाऊ जहाज बाद झालं. मालवाहू मात्र अजून टिकून आहे. त्याचं नाव आम्ही बदलून मरुत्सखा ठेवलंय. पुढच्या फेस्टला स्टॉलवर या, तक्ता तपासा, आणि चूक सापडली तर बिनधास्त सांगा.